दीड तावाचे पंचांग: बोस्टन ते फिलाडेल्फिया

पहिला दिवस: केंब्रिज आणि बोस्टन

पुण्यातल्या एका छापखान्यात मी मुद्रितशोधनाचे काम केले, आणि त्या नोकरीची पहिली वर्षे खिळ्यांच्या, म्हणजे शिशाची सुटी अक्षरे जुळवून केलेल्या, छपाईची होती. पंचांगाचे फर्मे वाचायला आले की सगळेच नजर चुकवत. शब्द चुकला तर वाक्य अडखळते आणि डोळ्यांना ठेच लागते. आकडा चुकला तर तो आपल्या जागी बिनबोभाट बसून राहतो आणि वर्षभर लोकांना फसवतो. इंग्रजांच्या अमेरिकी वसाहतींत छपाईचा धंदा ज्या एका वस्तूच्या जिवावर तगला ती वस्तू म्हणजे असेच आकड्यांनी भरलेले वार्षिक पंचांग होते, असे वाचल्यापासून त्या गावांची फेरी करायचे मनात होते. भाची बोस्टनला नोकरीला आहे. ऑक्टोबरात तिने पाच दिवस रजा काढली आणि आम्ही निघालो.

तिकडच्या ‘ॲल्मनॅक’ला मी सोयीसाठी पंचांग म्हणते आहे. त्यात तिथी, योग आणि करण नसतात; पण सूर्योदय, सूर्यास्त, चंद्राच्या कला, ग्रहणे, राशी, भरती-ओहोटीच्या वेळा, हवामानाचा अंदाज, न्यायालये भरण्याचे दिवस, जत्रांच्या तारखा आणि गावोगावची अंतरे असतात. भिंतीवर टांगलेल्या कालनिर्णयाची सवय असलेल्या माणसाला ते परके वाटू नये.

सकाळी हार्वर्ड चौकात उतरून डन्स्टर स्ट्रीटच्या कोपऱ्यावर गेलो. आजूबाजूला कॉफीची दुकाने आणि विद्यार्थ्यांची वर्दळ. इंग्रजी उत्तर अमेरिकेतले पहिले मुद्रणयंत्र याच गावात, हार्वर्डच्या सावलीत आले. जोस ग्लोव्हर नावाचे धर्मोपदेशक १६३८ मध्ये यंत्र, खिळे आणि कागद घेऊन इंग्लंडहून निघाले आणि वाटेत समुद्रावरच वारले. त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांनी ते सामान केंब्रिजला आणून छापखाना उभा केला. तो चालवायला बरोबर आलेला स्टीफन डे हा मुळात कुलपे बनवणारा कारागीर होता. पहिले काम नागरिकत्वाच्या शपथेचा एक ताव, दुसरे १६३९ सालचे पंचांग, आणि तिसरे १६४० मधले स्तोत्रांचे पुस्तक. पंचांगाचे गणित विल्यम पिअर्स नावाच्या जहाजाच्या कप्तानाने केले होते. आकाशाकडे पाहून जागा ठरवण्याची सवय खलाशांनाच असणार, तेव्हा ही निवड मला अगदी योग्य वाटली.

या तीन कामांचे पुढे काय झाले, ते मला त्या कोपऱ्यावर उभी असताना सारखे आठवत होते. स्तोत्रांच्या पुस्तकाच्या सुमारे १७०० प्रती छापल्या गेल्या; त्यांतल्या ११ आज टिकून आहेत आणि २०१३ मध्ये एका प्रतीला लिलावात १ कोटी ४१ लाख डॉलरहून अधिक किंमत आली. पंचांगाची एकही प्रत उरलेली नाही. टिकलेले सर्वांत जुने पंचांग १६४६ सालचे आहे. जपून ठेवायचे पुस्तक जपले गेले आणि रोज हाताळायची वस्तू हाताळूनच संपली.

“मावशी, आपल्याकडे छापखाना याच्यानंतर आला ना?” भाचीने विचारले. नाही, हे मी तिला जरा तोऱ्यातच सांगितले. गोव्यात सेंट पॉल महाविद्यालयात १५५६ मध्ये छपाई सुरू झाली होती, म्हणजे केंब्रिजच्या ८२ वर्षे आधी. मात्र पुढच्या शंभर वर्षांत दोन्हीकडे काय घडले ते मनात जुळवून पाहिल्यावर माझा तोरा थोडा उतरला. गोव्यातली छपाई चर्चच्या आवारातून फारशी बाहेर पडली नाही. इथे ती पंचांगाच्या पाठीवर बसून शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरापर्यंत गेली.

केंब्रिजची सुरुवातीची पंचांगे हार्वर्डमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या तरुणांनी केलेली असत. सॅम्युएल डॅनफर्थ हा त्यांतला एक. त्या काळी कायद्याचे वर्ष २५ मार्चला सुरू होई, आणि महिन्यांची नावे रोमन देवतांवरून आलेली असल्यामुळे कर्मठ प्युरिटन पंथाची मंडळी मार्चला ‘पहिला महिना’ म्हणत. झकारिया ब्रिग्डेनने १६५९ च्या पंचांगात पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे कोपर्निकसचे मत समजावून सांगितले. धर्मसत्तेच्या गावात, धर्मसत्तेच्याच छापखान्यात, गुरांच्या आणि पेरणीच्या तारखांशेजारी हे छापले गेले याचे मला विशेष वाटते.

दुपारी बोस्टनला मिल्क स्ट्रीटवर गेलो. पुढे मुद्रक आणि पंचांगकर्ते म्हणून गाजलेले बेंजामिन फ्रँकलिन १७०६ मध्ये जन्मले ते घर आता नाही. त्या जागच्या इमारतीच्या दर्शनी भिंतीवर त्यांचा अर्धपुतळा आहे आणि खालून जाणारा कोणी मान वर करीत नाही. वयाच्या बाराव्या वर्षी ते थोरल्या भावाच्या, जेम्सच्या, छापखान्यात उमेदवार म्हणून लागले आणि १७२३ मध्ये करार मोडून पळाले.

दुसरा दिवस: वूस्टर

आगगाडीने दीड तासावर वूस्टर. तिथे अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटी हे संशोधन ग्रंथालय आहे. आयझाया थॉमस या मुद्रकाने ते १८१२ मध्ये स्थापन केले. एप्रिल १७७५ मध्ये, अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धाला तोंड फोडणारी लेक्झिंग्टनची चकमक उडण्याच्या दोन-तीन दिवस आधी, इंग्रज सैन्याच्या हाती लागू नये म्हणून त्याने आपले यंत्र आणि खिळे रातोरात बोस्टनबाहेर काढून या गावी आणले होते. ते लाकडी यंत्र अजून तिथे उभे आहे. आपल्या ऊसाच्या जुन्या लाकडी चरकाला उंची दिली तर दिसेल तसे ते दिसते, आणि दांडा ज्या ठिकाणी हाताने धरला जाई तिथे लाकूड काळे गुळगुळीत झालेले आहे.

जुन्या पंचांगांचा येथे मोठा साठा आहे. वाचनकक्षात फक्त पेन्सिल चालते, पिशवी बाहेर ठेवावी लागते, आणि पुस्तक मऊ आधारावर ठेवूनच उघडायचे. माझ्यापुढे आलेल्या पहिल्याच प्रतीच्या वरच्या कोपऱ्याला भोक होते. त्या भोकातून दोरा ओवून ती चुलीजवळच्या खिळ्याला टांगलेली असणार, कारण तिच्या कडा तपकिरी पडलेल्या होत्या आणि भोकाभोवतीचा कागद सुताच्या घर्षणाने झिजून केसाळ झाला होता. प्रत्येक महिन्याला एक पान. डाव्या रकान्यात तारीख आणि वार, मग सूर्योदय, सूर्यास्त, चंद्राची रास, आणि उरलेल्या चिंचोळ्या जागेत हवामान आणि एखादे सुभाषित, शब्द तोडून तोडून वरून खाली बसवलेले. अशा तिरप्या-उभ्या मजकुराची जुळणी करणाऱ्या जुळाऱ्याविषयी मला एकदम आपुलकी वाटली. रकान्यांच्या पट्ट्या कुठेही सलग जुळलेल्या नव्हत्या. प्रत्येक सांध्याला केसभर फट होती, आणि आमच्याकडे पायाने चालवायच्या ट्रेडल यंत्रावर निघालेल्या तक्त्यांत अगदी तशीच असे.

पुष्कळ लोक पंचांगाच्या पानांमध्ये कोरी पाने शिवून घेत आणि त्यांवर रोजनिशी लिहीत. जॉर्ज वॉशिंग्टनसुद्धा व्हर्जिनियाच्या पंचांगात कोरी पाने घालून आपली दैनंदिनी ठेवत. बाकी प्रती मात्र वर्ष सरले की विस्तव पेटवायला किंवा पुडी बांधायला जात, म्हणून आज संग्रहात जे आहे त्यातले बरेचसे अशा हिशेबी माणसांमुळे टिकले असावे असे मला वाटते. गाय कधी व्याली आणि मीठ केवढ्याला आणले हे लिहून ठेवले, म्हणून कागद फेकवला नाही.

जॉन फॉस्टर हा बोस्टन शहराचा पहिला मुद्रक. त्याच्या १६७८ च्या पंचांगात ‘राशिपुरुष’ आला, आणि अमेरिकी पंचांगात तो तेव्हा पहिल्यांदाच छापला गेला. मध्यभागी उघडा माणूस, सभोवती बारा राशी आणि प्रत्येक राशीकडून एका अवयवाकडे रेघ: मेष डोक्यावर, मीन पावलांवर. चंद्र ज्या राशीत असेल त्या अवयवावर शस्त्र लावू नये, तिथले रक्त काढू नये. गणित करणारी शिकलेली मंडळी या चित्रावर चिडत. एका गणकाने तर पद्यातच कुरकुर केली की ही आकृती घातली नाही तर खेडूत पंचांगाला टाचणीचीही किंमत देत नाहीत. तरी चित्र शंभर वर्षांनंतरही छापले जात होते. मुहूर्तावर स्वतःचा विश्वास नसताना मुहूर्त छापणारे आमच्याकडेही होते, तेव्हा मी फार हसले नाही.

जॉन टलीने १६८७ पासून वर्ष जानेवारीपासून धरायला सुरुवात केली आणि पंचांगात थट्टा आणली. पण न्यू इंग्लंडमध्ये खरे राज्य केले ते डेडम गावच्या नथॅनिएल एम्स यांनी. त्यांचे पंचांग १७२६ सालापासून निघू लागले, ते १७६४ मध्ये वारल्यावर मुलाने १७७५ पर्यंत चालवले. फ्रँकलिनची कीर्ती मोठी असल्यामुळे एम्स मागे पडले. दोघांची पंचांगे वाचून पाहता मला एम्स यांचे हवामानाचे अंदाज अधिक खुसखुशीत वाटले.

तिसरा दिवस: न्यूयॉर्क

हा दिवस प्रवासातच गेला. आमची बस अडीच तास उशिरा सुटली आणि त्याबद्दल कोणी एक शब्द बोलले नाही. ट्रिनिटी चर्चच्या आवारात पोचलो तेव्हा उजेड उतरत होता. वॉल स्ट्रीटच्या तोंडाशी असलेल्या त्या स्मशानात विल्यम ब्रॅडफर्ड या मुद्रकाचे थडगे आहे, आणि मला फक्त तेवढेच पाहायचे होते.

ब्रॅडफर्ड आधी फिलाडेल्फियात होते. पेनसिल्व्हेनियात छापलेली पहिली वस्तू म्हणजे त्यांनी काढलेले १६८६ चे पंचांग. कर्ता सॅम्युएल ॲटकिन्स. त्यात कालगणनेच्या तक्त्यात वसाहतीचे मालक विल्यम पेन यांच्या नावामागे ‘लॉर्ड’ छापले गेले. पेन आणि त्यांची वसाहत क्वेकर पंथाची, आणि त्या पंथाला मानाच्या पदव्यांचे वावडे. वसाहतीच्या कौन्सिलने ते शब्द खोडून काढायला लावले आणि परवानगीवाचून यापुढे काही छापायचे नाही अशी ताकीद मुद्रकाला दिली. पुढे आणखी भांडणे होऊन १६९३ मध्ये ते न्यूयॉर्कला आले.

दगडावर लिहिले आहे की त्यांचा जन्म १६६० चा आणि मृत्यू मे १७५२ मध्ये, ९२ व्या वर्षी. मात्र स्वतः ब्रॅडफर्ड यांनी छापलेल्या १७३९ च्या पंचांगात मे महिन्याच्या रकान्यात ‘मुद्रकाचा जन्म २०, १६६३’ अशी नोंद आहे. म्हणजे थडग्याच्या दगडातली चूक दीड दमडीच्या कागदाने दाखवून दिली. मुद्रितशोधक म्हणून मला त्या संध्याकाळी झालेला आनंद भाचीला काही समजला नाही. ती थंडीने काकडत होती.

ते गेले त्याच वर्षी इंग्रजी राज्यात कालगणना बदलली. बुधवार, २ सप्टेंबर १७५२ नंतरचा दिवस गुरुवार, १४ सप्टेंबर होता. मधल्या ११ तारखा गळल्या. क्षयतिथीची सवय असलेल्या आपल्याला एका दिवसाचे काही वाटत नाही, पण अकरा दिवस एकदम गेल्यावर भाडे, व्याज आणि नोकराचा पगार कसा धरायचा, हे लोकांनी पंचांग उघडूनच पाहिले असणार.

याच ब्रॅडफर्ड यांच्या नातवाने, त्याचेही नाव विल्यमच, ३१ ऑक्टोबर १७६५ ला आपल्या फिलाडेल्फियातल्या वर्तमानपत्राचे पहिले पान थडग्याच्या दगडासारखे काळ्या चौकटीत छापले. दुसऱ्या दिवसापासून वसाहतींतल्या कागदपत्रांवर आणि छापील मजकुरावर कर बसवणारा इंग्लंडचा मुद्रांक कायदा लागू होणार होता. त्या कायद्यात पंचांगावर कर होता: एका बाजूने छापलेल्या एकाच तावाच्या पंचांगाला दोन पेन्स, इतरांना वर्षाला चार पेन्स. फ्रँकलिनचे १७३३ चे पंचांग किरकोळ विक्रेत्याला डझनाला साडेतीन शिलिंगने मिळे, म्हणजे नगाला साडेतीन पेन्स. एका पिढीपूर्वी वस्तूची जी घाऊक किंमत होती, तिच्याहून कर मोठा. वकिलांची कागदपत्रे आणि वर्तमानपत्रे महाग झाली म्हणून शहरे चिडली हे इतिहासात येते. खेड्यातल्या माणसाला तो कर दिसला असता तो चुलीजवळच्या खिळ्यावर. कायदा पुढच्या मार्चमध्ये रद्द झाला.

चौथा दिवस: फिलाडेल्फिया

मार्केट स्ट्रीटवरच्या कमानीतून आत गेले की फ्रँकलिन कोर्ट लागते. त्यांचे घर पुढे पाडले गेले. तिथे आता घराच्या आकाराची पांढरी पोलादी चौकट तेवढी उभी आहे. शेजारच्या जुन्या इमारतीत अठराव्या शतकातल्यासारखा छापखाना मांडला आहे आणि राष्ट्रीय उद्यान खात्याचे कर्मचारी तो चालवून दाखवतात. आम्ही तिथे अर्धा तास थांबणार होतो. दोन तास बसलो.

शाई जवसाचे उकळलेले तेल आणि काजळी यांची. ती खिळ्यांवर लावायला रूळ नाहीत; लाकडी मुठीला बांधलेले, आत लोकर भरलेले चामड्याचे दोन गोळे. एका हातात एक असे धरून ते आधी एकमेकांवर घोळवायचे, मग फर्म्यावर थापटायचे. चांगली शाई बसली की गोळा उचलताना चिकट ‘चट्’ असा आवाज येतो, आणि तो ऐकल्यावरच कारागिराने दुसऱ्याला मान हलवून खूण केली. आपल्याकडे मुंबईत गणपत कृष्णाजींनी चरबीचा विटाळ टाळण्यासाठी तुपातल्या शाईने छपाई केल्याची हकिकत सांगतात. हे गोळे पाहून त्या काळच्या आमच्या शास्त्रीबुवांनी काय केले असते, याची कल्पना करवत नाही. मग ओलसर केलेला ताव चौकटीत ठेवून ती खिळ्यांवर मिटायची, खिळे ठेवलेला पाट दाबणाऱ्या फळीखाली सरकवायचा, दांडा अंगाचा भार देऊन ओढायचा, पाट आणखी सरकवायचा, पुन्हा ओढायचा. मोठ्या तावाला दोनदा ओढावे लागते, कारण ती फळी लहान. मग ताव दोरीवर वाळत.

उत्तम जोडी तासाला साधारण २४० ताव एका बाजूने छापी, असे तिथे सांगितले. मी पेन्सिल काढली. पंचांग २४ पानांचे. अष्टपत्री घडीत एका तावाची सोळा पाने होतात, म्हणजे त्याला दीड ताव लागतो. फ्रँकलिनचा खप वर्षाला सुमारे १०,००० प्रती. म्हणजे १५,००० ताव, दोन्ही बाजूंनी ३०,००० वेळा यंत्र चालवणे. २४० ने भागले की १२५ तास. दिवसाला दहा तास धरले तरी एका यंत्रावर बारा-तेरा दिवस. हातात दोन आठवडे काम, आणि पैसे रोख, वर्षातून एकदा, हमखास. मोठे पुस्तक छापले तर कागद अडकून पडतो आणि गिऱ्हाईक येईपर्यंत वर्षे जातात. पंचांग डिसेंबरात निघाले नाही तर जानेवारीत रद्दी, पण वेळेवर निघाले तर हातोहात जाते. दिवाळीच्या तोंडावर आमच्या छापखान्यात जी धावपळ असे, ती आठवली.

फ्रँकलिनना स्वतःचे पंचांग काढावे लागले ते अडचणीतून. थॉमस गॉडफ्री नावाचा काचा बसवणारा गणिती पूर्वी त्यांच्याकडून पंचांग छापून घेई आणि त्यांच्याच घरात बिऱ्हाडाला राही. गॉडफ्रीच्या बायकोने आपल्या नात्यातली मुलगी फ्रँकलिनना सुचवली, हुंड्यावरून बोलणे फिसकटले आणि बिऱ्हाड गेले; पुढे पंचांगही प्रतिस्पर्धी मुद्रक अँड्र्यू ब्रॅडफर्ड, म्हणजे न्यूयॉर्कच्या विल्यम यांचे चिरंजीव, यांच्याकडे गेले. मग १७३२ च्या डिसेंबरात, रिचर्ड सॉन्डर्स या कल्पित कर्त्याच्या नावाने काढलेले फ्रँकलिनचे पंचांग ‘गरीब रिचर्ड’ अवतरले. प्रस्तावनेत हा रिचर्ड सॉन्डर्स सांगतो की मी गरीब आहे, बायको गर्विष्ठ आहे, आणि आकाशाकडे पाहून दोन पैसे मिळवले नाहीत तर माझी पुस्तके आणि उपकरणे जाळीन अशी तिने धमकी दिली आहे.

आणि लगेच तो प्रतिस्पर्धी पंचांगकर्ता टायटन लीड्स याचे मरण वर्तवतो: १७ ऑक्टोबर १७३३, दुपारी ३ वाजून २९ मिनिटांनी, सूर्य आणि बुध यांच्या युतीच्या क्षणी. लीड्सने पुढच्या वर्षी चिडून उत्तर छापले. त्यावर रिचर्ड म्हणतो की माझा मित्र इतका असभ्य कधीच नव्हता, तेव्हा तो नक्की गेला आहे आणि त्याच्या नावावर दुसराच कोणी लिहितो आहे. लीड्स खरोखर वारला १७३८ मध्ये. ही थट्टा फ्रँकलिनची मूळची नाही. इंग्लंडमध्ये लेखक जोनाथन स्विफ्टने पंचवीस वर्षांपूर्वी एका ज्योतिष्यावर ती केली होती. तरी धंद्याच्या दृष्टीने ती अचूक होती, कारण भविष्य खरे ठरते का ते पाहायला लोकांना पुढच्या वर्षीचे पंचांग विकत घ्यावेच लागले.

सुभाषितांविषयी फ्रँकलिननी आत्मचरित्रात सरळ सांगितले आहे की सामान्य लोक याखेरीज दुसरे पुस्तक क्वचितच घेत, म्हणून तारखांमध्ये उरलेल्या जागा म्हणींनी भरल्या. त्या म्हणींचे आज चहाचे पेले मिळतात. दुकानात मी ते पाहिले आणि घेतले नाहीत. मला १७३३ च्या त्या पहिल्या पंचांगाचे मुखपृष्ठ जास्त आवडते. तिथे सृष्टीच्या उत्पत्तीपासूनची वर्षे पाच गणनांनी दिली आहेत, पूर्वेकडच्या ग्रीकांच्या मते ७२४१ आणि ज्यू पंडितांच्या मते ५४९४, अगदी आपल्या शक-संवतांच्या थाटात. खाली म्हटले आहे की गणित चाळीस अंश अक्षांशाचे आणि लंडनच्या पश्चिमेस पाच तासांचे आहे, पण फारशी चूक न होता न्यूफाउंडलंडपासून साउथ कॅरोलिनापर्यंत चालेल. दाते पंचांगात गावोगावचा फरक मिळवायला शिकलेल्या माणसाला या ‘फारशी’ शब्दावर हसू येईल. पहिल्या छपाईची ज्ञात असलेली एकमेव प्रत याच शहरातल्या रोझेनबाक संग्रहालयात आहे.

पाचवा दिवस: रिटनहाउस टाउन

शहराच्या वायव्येला, विसाहिकन खोऱ्याच्या झाडीत, मोनोशोन ओढ्याकाठी मोजकी दगडी घरे उरली आहेत. विल्यम रिटनहाउस यांनी इथे १६९० मध्ये कागदाची गिरणी घातली; इंग्रजी वसाहतींतली ती पहिली. भागीदारांत मुद्रक विल्यम ब्रॅडफर्ड होते. कागद लिननच्या चिंध्यांचा. जुने सदरे आणि चादरी कुजवून, पाण्याच्या जोरावर चालणाऱ्या मुसळांनी कुटून त्यांचा लगदा करीत आणि तारेच्या चाळणीवर एकेक ताव उचलत. काही वर्षांतच पुराने पहिली गिरणी वाहून नेली; ती पुन्हा बांधली. आज ओढ्यात घोटाभर पाणी होते आणि पिवळी पाने एका दगडापाशी अडून गोळा झाली होती.

१७०७ च्या घरात या कुटुंबाचा पणतू डेव्हिड रिटनहाउस १७३२ मध्ये जन्मला, ज्या वर्षाच्या शेवटी ‘गरीब रिचर्ड’ छापला गेला. तो घड्याळे बनवू लागला, मग खगोलशास्त्रज्ञ झाला, १७६९ चे शुक्राचे अधिक्रमण त्याने आपल्या शेतावरून पाहिले, आणि पंचांगांसाठी गणितेही करून दिली. ज्या घराने कागद दिला त्याच घराने पुढे आकडे दिले.

त्याच्याकडे १७९१ मध्ये एक हस्तलिखित तपासायला आले. ते बाल्टिमोरजवळच्या बेंजामिन बॅनेकर या स्वतंत्र कृष्णवर्णीय शेतकऱ्याचे होते. साठीच्या घरात पोचलेल्या या माणसाने शेजाऱ्याने उसन्या दिलेल्या पुस्तकांवरून ग्रहगणित शिकून १७९२ सालचे पंचांग तयार केले होते. रिटनहाउसने काम असामान्य असल्याचा दाखला दिला, पण त्यात कर्त्याच्या रंगाचा उल्लेख करायला तो विसरला नाही. बॅनेकरने गणिताची एक प्रत स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारे परराष्ट्रमंत्री जेफरसन यांना पाठवली आणि सोबतच्या पत्रात, सर्व माणसे समान असे लिहिणारा माणूस गुलाम कसा बाळगतो, असे विचारले. जेफरसननी नम्र उत्तर दिले आणि गुलाम बाळगले.

गिरणीच्या जागेवर आता गवत आहे. भाचीने ओढ्यात हात घालून पाणी फार गार असल्याचे सांगितले. फ्रँकलिन कोर्टमध्ये घेतलेला ताव मी पिशवीतून काढून पाहिला: शाई पुरती वाळलेली नव्हती आणि पिशवीच्या आतल्या कापडावर चार ओळी उलट्या उमटल्या होत्या.